पाखरीची आयाळ

फार पूर्वी, घाटात अजून गाड्या चढत नव्हत्या आणि मीठ तट्टांच्या पाठीवरूनच वर जात होतं, तेव्हाची ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. पुरुष मिठाच्या गोण्या लादून तांड्याने वर जायचे आणि वरून ज्वारी-हरभरा घेऊन खाली यायचे. त्या गावात माणसाला त्याच्या तोंडावरून कोणी ओळखत नसे, त्याच्या घोडीच्या आयाळीवरून ओळखत. आयाळ जितकी लांब, तितकं घर मानाचं. बायका स्वतःच्या केसांना तेल लावायचं एक वेळ विसरतील, पण घोडीच्या आयाळीचं नाही. वेण्या काय घालायच्या, कवड्या काय ओवायच्या, विचारू नका!

या आयाळीला कात्री लागायची ती एकाच प्रसंगी. घरातला कर्ता पुरुष गेला, की त्याच्या घोडीची आयाळ मुळापासून कापायची. मग ती घोडी दिसली, की वाटेवरचा माणूस पागोटं काढून बाजूला उभा राहायचा. निराळा सांगावा धाडावा लागत नसे.

या गावात येसू नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा तट्टूवाला. माणूस कष्टाळू, पण लोक काय म्हणतील याला वाघापेक्षा जास्त भिणारा. त्यांच्याकडे एकच घोडी होती, तांबूस रंगाची, तिचं नाव पाखरी. पाखरीचं वय होत आलं होतं. मागच्या थंडीत तिला शिंगरू झालं आणि महिन्याभरात ते गेलं. यंदा पुन्हा झालं. कपाळावर पांढरा ठिपका, लांबलचक पाय, आणि पुढे सगळं घर चालायचं ते त्याच पायांवर. येसूने त्याला उन्हात पुसून काढलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी हे जगवायचं.

पण शिंगरू काही धड उभं राहीना. चार घोट प्यायचं आणि मान टाकून बसायचं. पाखरीला दूधही बेताचंच. येसूने तिच्या तोबऱ्यात जास्तीचे हरभरे घातले. पाखरी ते खायची, आणि तरी तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या. दिवसभर ती गावाच्या सामाईक पागेत खांबाला मान घासत उभी राहायची. घासून घासून मानेवर टक्कल पडायला लागलं होतं.

"नजर लागलीय," शेजारच्या पारूकाकी म्हणाल्या. त्या गावातल्या कोणत्याही घरात काय शिजतंय हे वासावरून सांगायच्या. "मीठमोहऱ्या ओवाळून टाक."

येसूने ओवाळून टाकल्या. फरक पडला नाही.

"थंडी बाधलीय," नवरा म्हणाला. "आणखी एक घोंगडी टाक."

आणखी एक घोंगडी टाकली. पाखरी जास्तच घासायला लागली.

एका दुपारी येसू वेण्या सोडून बसली. आयाळ चांगली दाट, वरून तेलाने चमकणारी. तिने बोटांनी केस मुळापासून बाजूला केले आणि तिचा हात तिथेच थांबला. कातडीला चिकटून उवा वळवळत होत्या. केसाकेसाला लिखा, जणू कोणी बारीक तांदूळ चिकटवून ठेवलेत. तिने शिंगराच्या मानेवरची लव उलटी करून पाहिली. तिथेही तेच.

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "उवा झाल्यात पाखरीला!"

नवरा धावत आला तो तिच्या तोंडावर हात ठेवायलाच. "हळू बोल गं बाई! उवा म्हटलं की झालं. उद्या तांड्याचा नाईक आपल्याला मागे टाकील. घाणेरडं घर म्हणतील."

"मी रोज शेण काढते, रोज झाडते. घर घाणेरडं कसं?"

"ते तू मला सांगतेस, लोकांना कोण सांगणार? वेण्या घाल परत. वरून दिसत नाही."

वरून दिसत नव्हतं हे खरंच. येसूने शिंगराचा ओठ वर करून पाहिला. हिरडी कागदासारखी पांढरी पडली होती. ती उठली, शिंगराला शेल्यात गुंडाळून पाठीशी बांधलं, पाखरीला दावं लावलं आणि पेठेच्या वाटेला लागली. पेठेत एक म्हातारा साळोत्री बसायचा. साळोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य.

साळोत्र्याने पाखरीची मान पाहिली, शिंगराची हिरडी पाहिली, आणि विचारलं, "मागचं शिंगरू कशाने गेलं?"

"नजर लागून, असं म्हणतात."

"त्याच्याही हिरड्या पांढऱ्या होत्या?"

येसूने होय म्हणून मान हलवली.

"हे बघ बाई, ऊ एवढीशी असते, पण हजार तोंडं रक्त प्यायला लागली की एवढ्याशा जीवात उरतं काय? आईचा चारा उवांच्या पोटी जातो आणि लेकरू उपाशी राहतं. थंडीत केस वाढतात, आडोसा मिळतो, तेव्हा तर त्यांची चैनच."

"माझ्या घरातल्या माणसांना होतील का या?"

"नाही. घोड्याची ऊ घोड्यावरच जगते. माणसाच्या डोक्यात ती येत नाही. पण एका घोड्यावरून दुसऱ्यावर मात्र लगेच जाते. अंगाला अंग लागलं, एकाची घोंगडी दुसऱ्यावर गेली, एकच खरारा सगळ्यांना फिरवला, की गेलीच." त्याने मडक्यात करंजाचं आणि निंबाचं तेल ओतून दिलं. "आधी आयाळ काप, अंगावरचे केसही बारीक कर. मग हे तेल मुळापर्यंत चोळ, आईलाही आणि लेकरालाही. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. आणि पंधरवड्याने पुन्हा चोळ."

"पुन्हा कशाला?"

"तेलाने ऊ मरते, लीख मरत नाही. ती मागाहून फुटते. पहिल्यांदा चोळून लोक खूश होतात आणि तिथेच फसतात."

येसूने मडकं उचलून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आमच्या गावात आयाळ कापतात ती घरधनी गेल्यावर."

साळोत्र्याने शिंगराच्या पाठीवरून हात फिरवला. "आयाळ परत उगवते, बाई," तो म्हणाला, आणि दुसऱ्या घोड्याकडे वळला.

घरी आल्यावर येसूने कात्री काढली तेव्हा नवरा पाखरीच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला.

"अगं, मी जिवंत आहे!"

"दिसतंय मला. चांगल्या दोन भाकरी खाऊन उभे आहात."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकून घेऊ. आपल्याला कान आहेत. त्या शिंगराला रक्त नाही."

नवऱ्याने शिंगराकडे पाहिलं. ते मान टाकून पडलं होतं. तो बाजूला झाला, पण घरात जाऊन त्याने दार मात्र लावून घेतलं. येसूने पाखरीची आयाळ मुळापासून कापली, केस जाळले, आणि दोघा मायलेकरांना तेल चोळलं. त्या दिवशी पाखरीला पागेत न नेता तिने अंगणातच बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूकाकींनी सवयीप्रमाणे कुंपणावरून डोकावून पाहिलं, आणि जो टाहो फोडला तो नदीपलीकडे ऐकू गेला. बघता बघता अर्धी आळी येसूच्या अंगणात जमली.

"येसू, हे काय गं झालं! काल सांजेला धडधाकट होता!"

"इतका गुणी माणूस पुन्हा होणे नाही!"

"कधी कोणाला उलट शब्द नाही. गाय होती, गाय!"

नवरा आत चुलीपाशी न्याहारी करत होता. त्याचा हात भाकरीवरच थांबला. उभ्या जन्मात त्याला कोणी गुणी म्हटलं नव्हतं. तो दाराला कान लावून आणखी ऐकत राहिला असता, पण तेवढ्यात एक म्हातारी गळा काढून म्हणाली, "आमची कुदळ नेली होती रे पावसाळ्यात, आता ती मागायची तरी कोणाकडे!"

नवरा बाहेर आला. "कुदळ दारामागे आहे, आजी. घेऊन जा."

मग जी पळापळ झाली ती सांगता सोय नाही. म्हातारी तिथेच मटकन बसली. पारूकाकींनी त्याला चिमटा काढून पाहिला आणि तो ओरडल्यावर त्याच्यावरच चिडल्या, "मग मेला नाहीस तर आम्हाला रडवलंस कशाला?"

एवढ्यात नाईक आला. नाईक म्हणजे तांड्याचा पुढारी. त्याचा पांढरा घोडा सगळ्यांच्या पुढे चालायचा, आणि त्या घोड्याची आयाळ पार गुडघ्यांपर्यंत लोंबायची.

"जित्या माणसाच्या घोडीची आयाळ कापलीस?" नाईक गरजला. नवरा येसूच्या मागे सरकला. ते बघून नाईक जरा नरमला. हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ येसू, घोडी चुलीजवळ बांधली होती, आयाळीला जाळ लागला, म्हणून कापावी लागली. असंच झालं ना? तेवढं तोंडाने म्हण. बाकी मी निभावून नेतो."

नवरा डोळ्यांनीच विनवत होता, म्हण, म्हणून टाक. म्हणायला काही लागतही नव्हतं. दोन शब्द बोलले की पाखरी उद्या पुन्हा पागेत, सगळ्यांच्या रांगेत उभी. येसूच्या डोळ्यांपुढे ती रांग आली. अंगाला अंग खेटलेलं, आज याची घोंगडी त्याच्या पाठीवर, उद्या त्याची याच्या. तिथूनच तर पाखरीने हे दुखणं आणलं होतं.

"जाळ लागला नाही, नाईक," ती म्हणाली. "पाखरीला उवा झाल्या म्हणून मी आयाळ कापली. आणि एकट्या पाखरीलाच झाल्या असतील असं मला वाटत नाही. सगळ्यांनी आपापल्या घोडीच्या आयाळीचे केस मुळापासून बाजूला करून बघा."

सगळे असे मागे सरले, जणू येसूच्याच अंगावरून उवा उड्या मारणार होत्या. बघायला मात्र कोणी गेलं नाही.

"उवांचं जनावर पागेत नको," नाईकाने सांगून टाकलं. "हौदावर नको. तांड्यातही नको."

झालं. येसूच्या घरचं काम बंद पडलं. नवरा डोक्यावर मोळ्या वाहायला लागला. येसू लांबच्या ओढ्यावरून पाणी आणून पाखरीला पाजायची. परसात तिने काटक्या आणि गवताची खोप घातली. पाखरीची घोंगडी पाण्यात उकळून काढली, तिचा खरारा निराळा ठेवला. शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून शिंगराच्या तोंडात धरायची. आळीतल्या बायका पाणवठ्यावर तिला बघून पदर आवरून घ्यायच्या. येसू घागर भरायची आणि चालू लागायची.

पाखरीचं घासणं थांबलं. दूध वाढलं. आणि एका सकाळी नवरा खोपीतून धावत आला, "अगं, ती परत मान घासतेय!" त्याने आयाळीच्या खुंटांत पाहिलं होतं. नव्या, बारीक उवा. तो उंबऱ्यावरच बसला. "आयाळ गेली, मान गेला, काम गेलं, आणि उवा आहेत तिथेच आहेत."

"या त्या नव्हेत. या लिखांतून फुटलेल्या," येसू म्हणाली. "साळोत्र्याने सांगितलंच होतं. उठा, डोकं धरा तिचं."

"आणि परत झाल्या तर?"

"तर परत चोळीन. मडकं रिकामं झालं तर पेठेला जाऊन परत भरून आणीन. तुम्ही डोकं धरताय की मी खांबाला बांधू?"

नवरा उठला. त्या दिवशी प्रथमच त्याने स्वतःच्या हाताने तेल चोळलं, आणि शिंगराच्या कानामागेही, जिथे येसूचं लक्ष गेलं नव्हतं, तिथे बोट फिरवलं.

त्यानंतर पाखरीने मान घासली नाही. येसू रोज केस उलटे करून बघायची. एकही ऊ सापडेना. सापडणार तरी कशा? गावाने तिला पागेबाहेर काढलं होतं, तेव्हा दुसऱ्या घोडीचं अंगच तिच्या अंगाला लागत नव्हतं. शिंगराच्या हिरड्यांवर रंग चढला. एके दिवशी ते उठलं, आईला भरपेट प्यालं, आणि पारूकाकींचं कुंपण ओलांडून त्यांची मेथी खाऊन आलं.

पारूकाकी भांडायला आल्या. भांडून झाल्यावर मात्र उभ्याच राहिल्या.

"येसू," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "ते तेल जरा देशील? घरात लाकडाला वाळवी लागलीय."

"वाळवीला की घोडीला, काकी?"

काकींचा चेहरा पडला. "कोणाला सांगू नकोस गं. आमची घोडी रोडावत चाललीय. आयाळ न कापता खालून लावलं तर चालेल ना?"

"तेल घेऊन जा. पण सांगून ठेवते, पागेत परत बांधलीत तर शेजारच्या घोडीच्या उवा येतील. एकीने लपून चोळून हे जायचं नाही."

काकींनी लपूनच चोळलं, घोडी पागेत बांधली, आणि आठवड्याच्या आत पुन्हा तेल मागायला आल्या. या खेपेला त्यांनी वाळवीचं नावही काढलं नाही.

पुढे काही दिवसांनी मिठाचा तांडा निघाला तो पहिल्या वळणावरच अडला. नाईकाचा पांढरा घोडा गोण्यांसकट खाली बसला. गोण्या उतरवल्या तरी उठेना. नाईक त्याच्या मानेशी बसून थोपटत होता, आणि थोपटता थोपटता त्याची बोटं आयाळीत शिरली. त्याने केस बाजूला केले. मुळाशी उवा वळवळत होत्या. तांडा परत फिरला, आणि रिकाम्या घोड्याला ढकलत, धरत कसंबसं घरी आणलं.

नाईकाने येसूला बोलावून घेतलं. "तुझं तेल मला हवंय," तो म्हणाला. "घराच्या मागच्या बाजूला लावू. कोणाला कळायला नको."

"नाही, नाईक. मागच्या बाजूला नाही," येसू म्हणाली. "पागेपुढे लावू. आधी आयाळ कापू, आणि सगळ्यांसमोर कापू. तुमच्या घोड्याची कापलेली दिसली तरच बाकीचे कात्री उचलतील. आणि एकानेही उचलली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं."

"मी गावाचा नाईक! माझ्या घोड्याची आयाळ कापायची म्हणजे माझ्या बायकोने कुंकू पुसायचं का?"

तेवढ्यात नाईकाची बायको आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "घोडा मेल्यावर वर्षभर तुमचं उतरलेलं तोंड बघायला माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. "कुंकवाचं माझं मी बघते. तुम्ही नुसतं डोकं धरा त्याचं." आणि भर दुपारी, पागेपुढे, गावाच्या डोळ्यांदेखत, तिने पांढऱ्या घोड्याच्या आयाळीला कात्री लावली.

पहिली बट खाली पडली. मग पारूकाकी पुढे आल्या. "बघत काय उभे राहिलात? कात्र्या आणा!" आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घोडीला तर कधीच्याच आहेत!"

मग काय, एकेक जण बोलायला लागला. माझ्या घोडीला मागच्या पौषापासून. माझ्या घोडीला तर त्याच्याही आधीपासून. आयाळींचा ढीग पागेपुढे पेटला. गूळ शिजवायची मोठी काहील चुलाणावर चढवून गावातल्या घोंगड्या उकळल्या. त्या आटून एवढ्याशा झाल्या, त्यावरून दोन दिवस भांडणंही झाली. पाखरीसकट एकूण एक जनावराला तेल लागलं.

पंधरवड्याने मात्र निम्मे लोक ढिले पडले. "आता कुठे घासतायत? गेल्या उवा." येसू तेलाचं मडकं घेऊन पागेच्या दारात उभी राहिली. "दुसरं तेल लागल्याशिवाय एकही घोडी बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. कोणी हसून बघितलं, कोणी चिडून बघितलं. तिचा नवरा, जो लोकांना वाघापेक्षा जास्त भ्यायचा, तो येऊन तिच्या शेजारी दार अडवून उभा राहिला. मग लागलं सगळ्यांना तेल.

पांढऱ्या घोड्याला बळ यायला वेळ लागला, पण आलं. थंडी सरता सरता तांडा पुन्हा निघाला. पाखरी हलकी गोणी घेऊन नाईकाच्या मागोमाग चालत होती, आणि पांढऱ्या ठिपक्याचं शिंगरू रिकाम्या अंगाने तिच्या पुढे-मागे उड्या मारत होतं. घाटमाथ्यावरच्या व्यापाऱ्यांनी लांबून ती रांग पाहिली. एकूण एक घोडी आयाळ कापलेली! त्यांनी पागोटी काढली. एक म्हातारा व्यापारी तर डोळे पुसत पुढे आला.

"अरे देवा! अख्खं गाव गेलं की काय?"

नाईकाने पांढऱ्या घोड्याच्या खुंट उरलेल्या मानेवर हात ठेवला. "कोणी गेलं नाही, शेठ," तो म्हणाला. "जाऊ नये म्हणूनच कापलीय."

तात्पर्य: जनावराच्या अंगावरची ऊ लाजेने झाकली की ती एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर पसरत जाते. दुखणं उघड बोलावं, सगळ्यांनी मिळून औषध करावं, आणि बरं वाटलं म्हणून ते अर्ध्यावर सोडू नये.